कामावर जाणाऱ्या स्त्रीचा पोशाख

अर्थार्जनासाठी घराबाहेर पडणाऱ्या स्त्रीला तिच्या कामास अनुरूप, अंगास बेताचा, ऋतुमानास सोसणारा आणि मिळकतीस परवडणारा पोशाख सहजासहजी का मिळू नये, हा प्रश्न वरवर पाहणाऱ्यास क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्याने शाळा, कचेऱ्या, न्यायालये, रुग्णालये, कारखाने, शेते आणि पोलीस ठाणी अशी सारी कार्यक्षेत्रे व्यापली आहेत आणि ज्यासाठी शासनाला परिपत्रके व वकिलांच्या परिषदेला नियम काढावे लागले, तो प्रश्न केवळ आवडीनिवडीचा म्हणून बाजूस सारता येत नाही. पुरुषाच्या बाबतीत तो बहुतांशी सुटलेला आहे. कोणत्याही तालुक्याच्या गावी कापडाच्या दुकानात जाऊन त्याने कॉलरचे आणि कमरेचे माप सांगितले, की कचेरीत, सभेत, बँकेत आणि मुलाखतीत चालेल असा सदरा व पाटलोण त्याला पंधरा मिनिटांत मिळते, आणि ते अंगावर चढवल्यावर त्याच्या शीलाविषयी, वयाविषयी वा वैवाहिक स्थितीविषयी कोणी काही अनुमान काढीत नाही. स्त्रीला मात्र दुकान, शिंपी, वरिष्ठ, घरची माणसे आणि रस्त्यावरची गर्दी अशा पाच ठिकाणची मंजुरी घ्यावी लागते. या अडचणीचे मूळ स्त्रियांच्या हौसेत शोधण्याची वहिवाट जुनी आहे. माझ्या मते ते मूळ अन्यत्र आहे: स्त्रीचा पोशाख ज्यांनी ठरविला, कापला आणि विकला, त्यांनी तिचे काम क्वचितच डोळ्यांसमोर ठेवले.

काम डोळ्यांसमोर असले म्हणजे पोशाख कसा घडतो, याचे उत्तम उदाहरण आपल्याच प्रांतात आहे. काष्टा घालून नेसलेले नऊवारी लुगडे हे आज लग्नसमारंभात आणि रंगभूमीवर मिरवत असले, तरी मुळात ते श्रमाचे वस्त्र होय. पाय मोकळे राहतात, वाकता-बसता येते, पाण्यात उतरताना ते वर खोचता येते, पदर कमरेला गुंडाळला की दोन्ही हात रिकामे होतात आणि कनवटीला चार पैसे सुरक्षित राहतात. भाताच्या खाचरात लावणी करणारी, बंदरावर मासळीची पाटी उचलणारी आणि मुंबईच्या कापड गिरण्यांत वाइंडिंग-रीलिंगच्या खात्यांत सुताची कांडी भरणारी स्त्री हेच वस्त्र नेसून राबली. तिच्या श्रमाला व्यवसायाची प्रतिष्ठा कोणी दिली नाही हे खरे, पण तिचे वस्त्र मात्र तिच्या कामाशी इमान राखून होते. पुढे शिक्षण घेऊन स्त्री लेखणीच्या धंद्यात शिरली आणि तिच्या अंगावर सहावारी गोल पातळ आले. खुर्चीवर बसणाऱ्या शिक्षिकेला, टंकलेखिकेला आणि टेलिफोन खात्यातील नोकरदार स्त्रीला ते सुटसुटीत वाटले, त्याला कापडही कमी लागे, आणि शहरी सुशिक्षितपणाची खूण म्हणून त्याला मानही मिळाला. मात्र पावलांभोवती गोल पडणाऱ्या निऱ्यांनी चाल आखूड केली, जिना चढताना एक हात निऱ्यांना आणि एक पदराला द्यावा लागू लागला. आणि पुढे हेच वस्त्र नोकरीतील शिष्टाचाराचे एकमेव प्रमाण ठरून बसले.

उच्च व्यवसायांत प्रथम पाऊल टाकणाऱ्या स्त्रियांपुढे हा प्रश्न आणखी बिकट स्वरूपात उभा होता. १८८३ साली वैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेस गेलेल्या आणि १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी मिळविलेल्या आनंदीबाई जोशी यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात त्या जपान आणि सीरिया या देशांतून आलेल्या आपल्या दोन सहाध्यायिनींसह साडीत बसलेल्या दिसतात. त्या थंड मुलुखात देशी वस्त्र टिकविणे हा त्यांच्यापुरता अस्मितेचा निर्णय होता, परंतु त्याची किंमत शरीराला मोजावी लागत असणार, हे कोणालाही कळेल. नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या आणि १८९२ साली ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनीही साडीच पत्करली. वकिलीची दारे स्त्रियांना विधिवत उघडली ती १९२३ च्या कायद्याने, आणि तेव्हापासून पांढरी पट्टी आणि काळा झगा यांच्याशी साडीचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न न्यायालयांच्या आवारात शिरला. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांनी त्याला दिलेले उत्तर उदार म्हटले पाहिजे: स्त्री वकिलाला साडी, लांब स्कर्ट, सलवार-कुर्ता, चुडीदार अथवा पारंपरिक पोशाख यांपैकी काहीही, पांढऱ्या, काळ्या वा सौम्य रंगात, कोट व पट्टीसह घालण्याची मुभा आहे, दुपट्टा घ्यावा वा न घ्यावा हे तिच्यावर सोडले आहे, आणि सर्वोच्च व उच्च न्यायालये वगळता उन्हाळ्यात काळ्या कोटाची सक्ती नाही. सर्व नोकऱ्यांतील पोशाखाचे नियम इतक्या विचाराने लिहिले गेले असते, तर या लेखाचा बराचसा भाग अनावश्यक ठरला असता. तरीही सौम्य रंगाच्या साडीवर चढविण्याजोगा, बाह्यांत ब्लाऊज आखडणार नाही आणि खांद्यावर पदराची घडी मावेल असा काळा कोट तयार विकत मिळणे आजही दुर्घट आहे. बहुतेक जणी तो शिवूनच घेतात.

शासकीय नोकरीत हा प्रश्न परिपत्रकांच्या मार्गाने आला. महाराष्ट्र शासनाने ८ डिसेंबर २०२० रोजी काढलेल्या परिपत्रकात स्त्री कर्मचाऱ्यांसाठी साडी, सलवार, चुडीदार-कुर्ता, किंवा पाटलोण व तीवर कुर्ता अथवा शर्ट, आणि आवश्यक तर दुपट्टा, असा पोशाख सुचविला होता; जीन्स व टी-शर्ट वर्ज्य ठरविले होते, आणि शुक्रवारी खादी वापरावी असेही म्हटले होते. जीन्सपुरते हे निर्बंध पुढे शिथिल झाले. मार्च २०२४ मध्ये शिक्षकांसाठी स्वतंत्र सूचना निघाल्या. त्यांत शिक्षिकांसाठी साडी अथवा सलवार वा चुडीदार, कुर्ता, दुपट्टा असा उल्लेख आहे. ज्या राज्यात दोन पिढ्यांपूर्वी पंजाबी ड्रेस घालून शाळेत आलेल्या शिक्षिकेकडे मुख्याध्यापक नाराजीने पाहत, तेथे सलवार-कुर्त्याला कागदोपत्री मान्यता मिळाली, ही प्रगती मी मोलाची मानते. केरळ शासनाला तर शिक्षिकांवर साडीची सक्ती करता येणार नाही, हे पुनःपुन्हा, २०२१ सालीसुद्धा, स्पष्ट करावे लागले. तेव्हा नियम बदलला म्हणून वहिवाट बदलतेच असे नाही.

परंतु या सर्व परिपत्रकांत एक उणीव समान आहे. पोशाख शोभनीय असावा, नेटका असावा, भडक नसावा, याची काळजी त्यांनी वाहिली. तो पोशाख घालून स्त्रीने काय करावयाचे आहे, याचा विचार त्यांत दिसत नाही. तलाठी म्हणून शेताच्या बांधावर पंचनाम्यास जाणारी, अंगणवाडीत मुलांना जमिनीवर बसून शिकविणारी, घरोघर जिने चढणारी आशा कार्यकर्ती आणि मंत्रालयातील वातानुकूलित दालनात टिपणी लिहिणारी कक्ष अधिकारी यांना एकाच तराजूत तोलल्यावर ज्या स्त्रीचे काम सर्वांत कष्टाचे तिचीच सर्वाधिक अडचण होते. पोलीस दलात पुष्कळ वर्षे खाकी साडीची वहिवाट होती. बंदोबस्तास उभे राहणाऱ्या, प्रसंगी पळत्या माणसामागे धावणाऱ्या स्त्रीसाठी शर्ट-पँटच योग्य, हे मान्य होण्यास जो काळ लागला तो लागावयास नको होता. रुग्णालयांत परिचारिकेच्या डोक्यावरील कडक टोपी शिस्तीची खूण म्हणून दीर्घकाळ टिकली. संसर्गाच्या दृष्टीने तिचा उपयोग काय, याचा विचार पुष्कळ उशिरा झाला.

कायद्याने या विषयाला दोन ठिकाणी स्पर्श केला आहे, आणि ती दोन्ही ठिकाणे पाहण्यासारखी आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १२३ वा नियम असा, की दुचाकीच्या मागल्या चाकाचा निम्म्याहून कमी नसलेला भाग झाकणारे संरक्षक साधन असावे, म्हणजे मागे बसणाऱ्या व्यक्तीचे कपडे चाकात अडकणार नाहीत. आपण ज्याला साडीगार्ड म्हणतो ते हेच. या एका नियमाने किती पदर आणि किती जीव वाचविले असतील! यंत्र स्त्रीच्या वस्त्राला अनुकूल करता येते, हे त्याने दाखवून दिले. दुसरे ठिकाण म्हणजे दीर्घकाळ अमलात राहिलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे २२ वे कलम. चालू यंत्राची तपासणी वा वंगण करावयाचे झाल्यास ते खास शिक्षण घेतलेल्या प्रौढ पुरुष कामगारानेच, अंगासरशी बसणारे कपडे घालून करावे, आणि ते कपडे कारखान्याच्या भोगवटादाराने पुरवावेत, असे ते सांगत असे. स्त्रीला मात्र जोखमीच्या चालू यंत्राची सफाई वा वंगण करण्याची मनाई होती. अपघात टाळण्याचा हेतू स्तुत्य होता, यात संशय नाही. पण जे काम योग्य वस्त्राने निर्धोक होते असे कायद्याने मान्य केले, त्या कामासाठी पुरुषाला वस्त्र मिळाले आणि स्त्रीला मनाई मिळाली. या कलमातील एक तत्त्व मात्र मी जपून ठेवीन: कामासाठी विशिष्ट पोशाख लागत असेल तर तो पुरविण्याची जबाबदारी काम करवून घेणाऱ्याची आहे.

हे तत्त्व जेथे कोणीच लागू केले नाही, तेथे स्त्रियांनी स्वतःच मार्ग काढला. विदर्भ-मराठवाड्यात कापसाच्या वेचणीच्या दिवसांत कोणत्याही रस्त्याने गेले तरी शेतात दिसणारी बाई साडीवर पुरुषाचा लांब बाह्यांचा जुना शर्ट घातलेली असते. वाळलेल्या बोंडांच्या टोकदार कडांनी मनगटे आणि कोपरापर्यंतचे हात ओरबाडून निघतात, म्हणून बाही मनगटाशी बटण लावून बंद केलेली असते. बटण तुटलेले असेल तर तेथे चिंधी बांधलेली असते. मानेवर ऊन लागू नये म्हणून कॉलर उभी केलेली, डोक्याला रुमाल किंवा टॉवेल, पदराची वा जुन्या लुगड्याची ओटी करून तीत वेचलेला कापूस, आणि शर्टाच्या छातीवरच्या खिशात मोबाइल. ऊसतोडीच्या फडातही, उसाच्या पात्याची धार चुकविण्यासाठी, हाच पोशाख. हा शर्ट नवऱ्याचा किंवा भावाचा असतो. खांदे दंडावर उतरलेले असतात, बाह्या दुमडलेल्या असतात, कॉलर विटलेली असते. पण लांब बाही, उभी कॉलर, खिसा आणि धुण्यास सोपे सुती कापड या चार गोष्टी तिने अचूक हेरल्या आहेत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकऱ्यांचे आणि शेतमजुरांचे बळी गेल्यावर संरक्षक पोशाखाची चर्चा झाली. ती चर्चा वेचणाऱ्या आणि निंदणी करणाऱ्या बाईच्या मापापर्यंत मात्र पोहोचली नाही. तिच्यासाठी तिच्या मापाचा शर्ट शिवून बाजारात ठेवावा, असे ज्या व्यापाऱ्याला सुचेल त्याचे माझ्या मते मोठे उपकार होतील.

शहरातील तयार कपड्यांच्या बाजाराची कथा याहून निराळी नाही. पुण्याचा लक्ष्मी रस्ता, दादरची हिंदमाता, नागपूरची सीताबर्डी येथे स्त्रियांच्या कपड्यांची दुकाने ओळीने उभी आहेत. तेथे सणाचे, लग्नाचे आणि हौसेचे कपडे मुबलक मिळतात. कचेरीसाठी म्हणून काही मागावे, तर एक कुर्त्यांचे दालन दाखविले जाते आणि एक, अलीकडे वाढलेले, शर्ट-पँटचे. कुर्त्याला पुष्कळदा बाह्या नसतात; आत कापडाचे दोन तुकडे टाचून दिलेले असतात, ते शिंप्याकडून जोडून घ्यावयाचे. खिसा असलाच तर एखाद्या बाजूला, आणि तोही मोबाइल अर्धा बाहेर राहील इतका. गाडीच्या गर्दीत पास, पैसे आणि मोबाइल हातात धरून, दुसऱ्या हाताने दुपट्टा सावरीत उभे राहणाऱ्या स्त्रीला खिसा ही चैन नाही, गरज आहे. आणि मुंबईत पश्चिम रेल्वेने १९९२ साली केवळ स्त्रियांची लोकल सुरू करावी इतकी त्या प्रवाशांची संख्या वाढल्यानंतरही कुर्ता शिवणाऱ्यांच्या हिशेबात हा प्रवास आलेला नाही.

शर्टाची गोष्ट शिंप्याच्याच तोंडून ऐकावी. तयार कपडे दुरुस्त करणाऱ्या एका वयस्क शिंप्याने मला एक शर्ट टेबलावर पसरून दाखविला. “ताई, हा छातीच्या मापाने घेतला तर खांदे उतरतात, खांद्याच्या मापाने घेतला तर छातीवरच्या दोन बटणांच्या मध्ये कापड फाकतं,” असे म्हणून त्याने मागचा भाग चिमटीत धरला, तेथे कापड अधिक होते आणि पुढे कमी. पुरुषाच्या शर्टाचाच आराखडा आकाराने लहान करून, कमरेत थोडा आवळून स्त्रीसाठी विकला, की हे घडणारच. तो मग मुंढा उसवतो, बगलेतून छातीकडे डार्ट घालतो, फाकणाऱ्या जागी आतून टिचबटण लावतो, आणि शर्टाच्या किमतीचा चांगलाच मोठा हिस्सा त्या दुरुस्तीत जातो. हाच शिंपी कटोरी ब्लाऊज कापताना खांदा, मुंढा, छाती, छातीखालचा घेर, कंबर, बाहीची लांबी आणि गोलाई अशी मापे घेतो, अर्ध्या इंचाची चूक होऊ देत नाही, आणि पुढे अंग भरले तर उसवता यावे म्हणून आत मार्जिन ठेवतो. याचा अर्थ असा, की स्त्रीच्या देहाला बेताचे वस्त्र कापण्याची विद्या आपल्याकडे गल्लोगल्ली आहे. ती कारखान्यातील कापणीच्या टेबलापर्यंत गेलेली नाही. ‘एम’ किंवा ‘एक्सएल’ या खुणांचे माप दुकानागणिक बदलते, कारण त्यांच्यामागे भारतीय स्त्रियांच्या मापांचे प्रमाण नव्हते. ही उणीव ओळखून राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने मुंबईसह सहा शहरांत सुमारे २५,००० स्त्री-पुरुषांची मापे त्रिमितीय यंत्राने घेण्याचा उपक्रम हाती घेतला. हा या संपूर्ण प्रश्नातील सर्वांत आशादायक प्रयत्न आहे. त्याची फलश्रुती दुकानातील खुंटीपर्यंत पोहोचली पाहिजे.

कापडाच्या निवडीत बाजार स्त्रीवर आणखी एक अन्याय करतो. कोकणपट्टीतील दमट हवेत सुती कापड हवे, पण ते इस्त्रीवाचून चुरगळते. म्हणून कचेरीचा कपडा म्हणून जे विकले जाते ते बहुधा कृत्रिम धाग्याचे वा मिश्रणाचे असते आणि घामाने अंगाला चिकटते. इचलकरंजीसारख्या गावी मागांवर उत्तम सुती शर्टिंग विणले जात असता ही स्थिती असावी, हे खेदाचे आहे. उलट वातानुकूलित कचेरीत तीच स्त्री शाल घेऊन बसते. इमारतींतील तापमान ठरविण्याची प्रचलित रीत १९६० च्या दशकातील असून ती सत्तर किलो वजनाच्या चाळीस वर्षांच्या पुरुषाच्या शरीराची उष्णता गृहीत धरते, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने दाखविले आहे. तेव्हा स्टेशनवर घामाने भिजणारी आणि टेबलाशी कुडकुडणारी स्त्री नाजूक म्हणून तसे होत नाही.

गर्भवती आणि स्तन्यदा स्त्रीविषयी तर बाजार आणि नियम दोघेही जवळजवळ मुके आहेत. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतीची पगारी रजा २६ आठवडे झाली, आणि पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघर ठेवून आईला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा मिळाली. ही मुभा वापरावयाची तर कुर्ता पुढून उघडणारा हवा, हे साधे भान गणवेश ठरविणाऱ्यांना राहिलेले नाही.

साडीचा त्याग हाच यावर उपाय, असे माझे म्हणणे मुळीच नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये मंगळयान कक्षेत स्थिरावले त्या दिवशी इस्रोच्या केंद्रात आनंद व्यक्त करणाऱ्या स्त्रिया साड्यांत होत्या, आणि त्या वस्त्राने त्यांच्या कामात काही उणे पडले नव्हते. एअर इंडियाने १९६० च्या दशकात आपल्या हवाई सुंदरींना स्कर्टऐवजी साडी दिली आणि डिसेंबर २०२३ मध्ये नवा गणवेश आणताना साडी आधीच शिवून, हवी तर आत पँट घालता येईल अशी केली. कामाच्या गरजेप्रमाणे वस्त्रात फेरफार करण्याचा हा प्रयत्न योग्य दिशेचा आहे. साडी जिला सुखाची वाटते तिने ती नेसावी. पण तिच्या खर्चाचा हिशेब कोणी मांडीत नाही: फॉल-पिको, परकर, प्रत्येक साडीला निराळा ब्लाऊज आणि त्याची शिलाई, स्टार्च, इस्त्री, आणि सकाळच्या धांदलीत निऱ्या व पिना यांत जाणारा वेळ. ज्या संस्थेने साडीचा आग्रह धरावा, तिने हा भार स्त्रीच्या पगारावर टाकू नये.

म्हणून पोशाखाविषयी हुकूम काढणाऱ्या प्रत्येक खातेप्रमुखास, मुख्याध्यापकास आणि कारखानदारास माझी विनंती आहे, की पुढील परिपत्रक लिहिण्यापूर्वी आपल्या खात्यातील शिपाई, परिचारिका, शिक्षिका वा वाहक स्त्रीसोबत तिच्या कामाचा एक पुरा दिवस काढावा, तिला काय अडते ते तिच्याकडूनच लिहून घ्यावे, पोशाखात निवडीची मुभा ठेवावी, आणि ज्या कपड्याची सक्ती करावयाची त्याची, शिलाई व खिशासह, तरतूद आपल्या अंदाजपत्रकात करावी. आणि कपडे घेणाऱ्या भगिनींनीही दुकानात बाह्या न जोडलेला, बिनखिशाचा कुर्ता पुढे आला, तर तो निमूटपणे शिंप्याकडे न नेता काउंटरवर परत ठेवावा आणि का ठेवला ते दुकानदारास स्पष्ट सांगावे.